जेनिसला दिलेलं गोत

६ मे, सोमवार

लेटिशा येणार! आधी हे लिहिते, बाकीचं मागून. माझी नात लेटिशा, माझी लेक जी गेली तिची मुलगी, शांतीच्या रविवारी इथे आमच्या वस्तीत, बेथेल क्रीकला येणार आणि चांगले तीन दिवस राहणार. सकाळी आमच्या चर्चचा ओबेद पाळक चहाला आला आणि त्याने फोनवर आलेला निरोप वाचून दाखवला. मी परत वाच म्हटलं. मग परत. शेवटी तो म्हणाला, "ताई, चहा पार गार झाला. आता तूच म्हणून दाखव, पाठ झालं असेल तुला."

ही वही जेनिसने पाठवलेली. जेनिस म्हणजे अ‍ॅडलेडच्या मंडळीचे, तिकडच्या चर्चचे, पाळक कॉलिन, त्यांची बायको. लेटिशा त्यांच्याच घरी असते. वहीवर कबुतराचं चित्र आहे आणि आत लिहिलंय, 'हेडी मावशी, तुमच्या प्रार्थना इथे लिहा.' आता प्रार्थना कशाला लिहायच्या? देवाला काय चष्मा लागलाय? मी आपली रोजची हकिकत लिहीन. मिशनच्या शाळेत मी तिसरीपर्यंत होते, पुढे गुरांच्या मळ्यावर भांडी घासायला गेले, म्हणून अक्षर असं शेळीच्या लेंड्यांसारखं विखुरलेलं. जेनिस कधी वाचेल तर तिने हसू नये.

अ‍ॅडलेडच्या गोऱ्या मंडळीने आमच्या मंडळीशी शांतीची भागीदारी केलीय. म्हणजे वर्षातून एकदा, शांतीच्या रविवारी, ते येतात, ब्लँकेटं आणतात आणि आमची गीतं आमच्या भाषेत गातात. त्यातलं अर्धं कुत्र्यांनाही कळत नाही, पण गाताना रडतात बिचारे. आमच्याकडून मंडळीतल्या बायका तिकडे जाऊन एकदा गाऊन आल्या. मी गेले नाही, माझा खुबा दुखतो. यंदा ते एक पांढरी बस पण देणार आहेत. ओबेद स्वप्नात आत्तापासून तिचे गिअर टाकतो.

लेटिशा माझ्यापासून कशी गेली तेही लिहून टाकते, परत लिहायला नको. तिची आई गेली तेव्हा आम्ही घर सोडलं. माणूस गेलेल्या घरात राहायचं नसतं, हे सांगायला लागतं का? सगळे बाहेर वाळूत निजलो. थंडी होती, कुत्री अंगाशी घेतली होती. तेव्हा सरकारकडची मिस प्रेस्टन आली. तिने बघितलं, घर रिकामं आणि पोर जमिनीवर कुत्र्यांत. तिने घाबरून पोरीला उचललं. माझ्या डोक्याला तेव्हा पांढरी माती फासलेली, मी दुखवट्यात, अशा वेळी बोलायचंही नसतं. तिला वाटलं मी नशेत आहे. आयुष्यात मी दारू तोंडाला लावलेली नाही!

असो. लेटिशा येणार!

९ मे, गुरुवार

आज जेनिसचा फोन आला होता. किती गोड बोलते. म्हणाली, "मावशी, एक सांगायचं राहिलं. आम्ही तिला आता ग्रेस म्हणतो. तिलाही आवडतं."

म्हणजे त्यांच्या शेजारात नाहीतर शाळेत कुणी लेटिशा नावाची मुलगी वारली असणार. नाहीतर जिवंत माणसाचं नाव कशाला बदलतील? गेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं, मग त्याच नावाच्या दुसऱ्याला वेगळं नाव द्यावंच लागतं. मी विचारलं नाही. असं काही फोनवर विचारत नाहीत. पण फोन ठेवल्यावर जिचं नाव आता घ्यायचं नाही त्या मुलीसाठी मी थोडी रडले. कुणाची असेल, केवढी असेल.

सेल्माला सांगितलं. सेल्मा माझी थोरली बहीण, आम्ही दोघी एकाच घरात राहतो. ती म्हणाली, "हेडे, तू खुळी का गं? गोरे लोक असं करत नाहीत."

मी म्हटलं, "अक्का, शिकले असतील आपल्याकडून. भागीदारी कशाला म्हणतात मग?"

तिने कुत्र्याला लाथ घातली.

१६ मे, गुरुवार

घर कसं लख्ख केलंय! हे नवं घर आहे, यात कुणी गेलेलं नाही. पलंग आला, फ्रिज आला, कुंपणाला दार बसवलं. मिस प्रेस्टन बघून गेली. म्हणाली, "छान केलंय हेडी. ऑगस्टमध्ये कोर्ट बसेल तेव्हा मी हे सगळं सांगेन. मुलगी तुझ्याकडे परत यायला हरकत दिसत नाही. तिला सांभाळणारे लोक काय म्हणतात तेही कोर्ट विचारेल."

ते काय म्हणणार? आमचे भागीदार आहेत ते! मी तिला राखेतला गरम रोट दिला, तो तिने रुमालात बांधून नेला. बहुतेक वाटेत टाकला असेल, पण बांधून तरी नेला.

संध्याकाळी मी सेल्माला माझा बेत सांगितला. शांतीच्या रविवारी सगळ्यांसमोर मी जेनिसला गोत देणार. कधीची यायला लागलीय बाई, तिला आमच्यात नातंच नाही. नातं नसलं की माणसाशी बोलायचं कसं, त्याला वाढायचं काय, त्याच्या मेल्यावर रडायचं किती, काहीच कळत नाही. वाऱ्यावरच्या पिशवीसारखं फिरतं ते.

"दे की," सेल्मा म्हणाली. "बहीण कर तिला. माझी पण बहीण होईल, मी तिच्याकडून नवे बूट मागेन."

"बहीण नाही. मुलगी करणार. लेटिशाच्या आईची जागा रिकामी आहे ना? ती भरली की पोरीला आई झाली आणि मला मुलगी झाली. मुलगी आईकडे येतेच. तिला यावंच लागतं. लग्नाला, मयताला, आईच्या आजारपणाला. आणि ती आली की पोर येणार."

सेल्माने चहाचा डबा खाली ठेवला. "आणि तिचा नवरा?"

"नवऱ्याचं काय?"

"काय म्हणून काय विचारतेस? जेनिस मुलगी झाली की कॉलिन तुझा जावई झाला! त्याच्याकडे बघायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, तो आला की पाठ फिरवून तोंड झाकायचं. मरेपर्यंत. आणि मी तुझी सख्खी बहीण, म्हणजे मीही त्याची सासूच. माझं पण तोंड बंद! बहीण कर गं तिला. कॉलिन मेव्हणा होईल, त्याला हवं ते बोलता येईल, शिव्यासुद्धा घालता येतील. मेव्हण्याला शिव्या घालायला किती मजा येते."

मी म्हटलं, "मला कॉलिनशी काय बोलायचंय? माझं बोलणं जेनिसशी."

"हेडे, त्यांच्यात बोलणारा तो आहे."

पण मी ऐकणार नाही. लेटिशाचा बाप रूपर्ट आमच्याच अंगणापलीकडे बारा-तेरा वर्षं राहिला, माझं त्याच्याशी एक अक्षर बोलणं झालं नाही आणि आमचं कधी भांडणही झालं नाही. कांगारू मारला की शेपूट भाजून तो माझ्या दाराकडे फेकायचा आणि कुत्र्याला मोठ्याने सांगायचा, "ए, म्हातारीला सांग, आज चरबी चांगली आहे!" इतका गुणी जावई. आता डार्विनच्या तुरुंगात आहे, ती गोष्ट वेगळी.

३१ मे, शुक्रवार

आली! बस दुपारी आली, पांढरीशुभ्र, दोन्ही मंडळ्यांची नावं बाजूला रंगवलेली. ओबेदने बसला हात लावला आणि डोळे मिटले. प्रभुभोजनाच्या वेळी तो इतका गंभीर होत नाही.

लेटिशा, म्हणजे ग्रेस म्हणायला हवं, जेनिसच्या कडेवर होती. सहा वर्षांची घोडी! केसांना गुलाबी चिमटे. मी आमच्या भाषेत म्हटलं, "ये गं माझ्या आतड्या." ती जेनिसच्या मानेत शिरली. मी परत म्हटलं, तर ती इंग्रजीत म्हणाली, "मम्मी, ही बाई काय म्हणतेय?"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. प्रवासाने दमली होती पोर.

कुत्र्यांना घाबरली. जुन्या तपकिरी कुत्रीच्या पोटावर डोकं ठेवून झोपायची ती, आणि आज कुत्री तिला ओळखून शेपूट हलवत आली तर केवढ्याने किंचाळली! कॉलिन म्हणाले, "मावशी, यांना जरा बांधता येईल का?" बांधली. कुत्री रात्रभर केकाटली.

पलंगावर ती निजली नाही. ते लोक शाळेच्या खोलीत उतरलेत, ती तिकडेच निजली. चादर तशीच ताणलेली राहिली, चला, परत धुवायला नको.

१ जून, शनिवार

आज माझं मन पक्कं झालं. सकाळी जेनिस माझ्याजवळ येऊन बसली. आमच्यासारखी मांडी घालता येत नाही तिला, पाय असे पुढे लांब करून बसते. लेटिशा जरा लांब वाळूत रेघा मारत होती. मी हळूच जेनिसला म्हटलं, "तुमच्याकडे ती जी मुलगी वारली, तिच्या आईला माझं सांत्वन सांग."

"कुठली मुलगी?"

"जिचं नाव आपल्या पोरीचं होतं. म्हणून तर नाव बदललंत."

ती गोंधळली. "नाही हो मावशी, कुणीच वारलं नाही. नवं आयुष्य, म्हणून नवं नाव. ती जुनं सगळं विसरून जावी म्हणून."

बघा! गेलेल्याचा विषय काढला की कसा टाळला तिने! आमच्यातली चांगल्या घरची बाईसुद्धा इतक्या सफाईने टाळणार नाही. कुणी वारलंच नाही म्हणाली, डोळ्याची पापणी हलू न देता. मी तिचा हात दाबला. मनात म्हटलं, ही मुलगी व्हायलाच जन्मली आहे.

मग ती रडायला लागली. तिला मूल झालं नाही, डॉक्टर झाले, सगळं झालं. "ग्रेस आली आणि घर घर झालं," म्हणाली. "मावशी, ती आमच्यापासून गेली तर मी जगणार नाही."

मी म्हटलं, "कशाला जाईल? उद्या बघ मी काय करते ते."

तिने मला केवढी घट्ट मिठी मारली. खुब्यातून कळ गेली, पण मी बोलले नाही.

२ जून, शांतीचा रविवार

सगळं नीट लिहायला हवं, असा दिवस परत येत नाही.

भक्ती बाहेर झाडाखाली झाली. ओली पानं पेटवून धूर केला, सगळे त्यातून गेले, अ‍ॅडलेडच्या बायका खोकून खोकून लाल झाल्या. आम्ही गायलो. मग कॉलिननी कागद वाचला. म्हणाले, आमच्या वाडवडिलांनी तुमची मुलं तुमच्या कुशीतून नेली, देवाच्या नावाने नेली, त्याबद्दल आम्ही क्षमा मागतो. चष्मा काढून पुसला. आमच्यातल्या म्हाताऱ्या रडल्या. माझी धाकटी मावशी तशीच नेलेली, ती परत आली नाही. मीही रडले. तेवढ्यात लेटिशाला शू लागली म्हणून जेनिस तिला घेऊन गेली, मग ती येईपर्यंत सगळे थांबलो.

मग ओबेदने मला पुढे बोलावलं. मी माइक धरला नाही, तो माझ्या नाकावर आपटतो. मोठ्याने म्हटलं, "ही जेनिस. आजपासून जी गेली तिच्या जागी ही माझी मुलगी. हिचं गोत तेच. हिची लेक माझी नात. सगळ्यांनी ऐकलं ना?" बायका ओरडल्या, "ऐकलं!" मी तिच्या कपाळाला आणि दंडाला लाल माती लावली. ती गुडघ्यांवर बसली आणि 'आई' म्हणाली. माझ्या आयुष्यात असं कुणी मला सगळ्यांसमोर 'आई' म्हटलं नव्हतं. तिकडच्या एका माणसाच्या हातात कॅमेरा होता, तोही रडत होता.

तेवढ्यात कॉलिन उठून माझ्याकडे आले. आता ते जावई! मी लगेच पाठ फिरवली आणि अंगावरचं ब्लँकेट डोक्यावरून ओढून घेतलं. किती चपळाईने केलं म्हणून सांगू, या वयात. सेल्मा पुढच्या बाकावर होती, तिलाही पाठ फिरवावी लागली. सगळ्या बायका कौतुकाने बघत असणार.

मागून त्यांचा आवाज आला, माइकमधून. "हेडी मावशी, तुमच्या या प्रेमाने आम्ही भारावलो आहोत. पण मला हे उघडपणे, तुमच्या लोकांसमोर विचारायचं आहे. आमच्या वाडवडिलांनी विचारलं नव्हतं, मी विचारतो. ग्रेस कायमची आमच्याकडे वाढावी, हे तुम्हाला मान्य आहे का? नसेल तर कृपा करून आत्ता सांगा. आम्ही ऐकू."

किती चांगलं बोलले. पण सासूला प्रश्न विचारतो का कुणी? नवीन जावई आहे, शिकेल. मी ब्लँकेट आणखी खाली ओढलं.

"सांगा मावशी. घाई नाही."

एक कावळा ओरडत होता तेवढाच. आणि मग सेल्मा, तिला कुठे काय बोलावं ते कधीच कळलं नाही, पाठमोरीच आमच्या भाषेत ओरडली, "ओबेद! सांग त्याला! तिचं तोंड बांधलेलं आहे म्हणून सांग! ती हो म्हणत नाहीये, ती बोलूच शकत नाही म्हणून सांग की रे, बसला भुललेल्या!"

कॉलिननी विचारलं, "त्या काय म्हणतायत? हेडी मावशी नाराज आहेत का?"

ओबेद खाकरला. मग माइकवर म्हणाला, "नाही पाळकसाहेब. हेडीताई आनंदात आहे."

खोटं काय बोलला? मी आनंदातच होते. एवढा टाळ्यांचा कडकडाट झाला की लेटिशा दचकून रडायला लागली. मी ब्लँकेटमधून ऐकलं. मुलीची मुलगी मुलीकडे कायमचीच असते, त्यात काय मान्य करायचं? आणि मुलगी आईकडे येते.

जेवणात कांगारूचं शेपूट होतं. सेल्मा जेवली नाही.

३ जून, सोमवार

गेले. लेटिशाने बसच्या काचेतून हात हलवला, जेनिसने तिचा हात धरून हलवला म्हणजे. मी जेनिसला म्हटलं, "नाताळला लवकर ये." ती म्हणाली, "बघू हं, आई."

ओबेद सेल्माच्या समोर येत नाही. बसमध्येच असतो. बसमध्येच जेवतो.

१४ ऑगस्ट, बुधवार

मोठी बातमी! मिस प्रेस्टन स्वतः आली. आम्ही अंगणात बसलो होतो. तिने चहा नको म्हटलं, तेव्हाच मला कळलं काहीतरी महत्त्वाचं आहे.

म्हणाली, "हेडी, कोर्टाचं झालं. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत त्यांच्याकडेच राहील. मी घराबद्दल सांगणार होते. पण मंडळीने त्या रविवारचा व्हिडिओ दिला. न्यायाधीशांनी पूर्ण बघितला. तू जेनिसला तुझ्या रीतीप्रमाणे मुलगी केलंस, तर आता तुझी नात तिच्या नात्यातल्याच माणसांकडे आहे असं कोर्ट मानतं. आणि तुला सर्वांसमोर विचारलं, तू हरकत घेतली नाहीस."

मी तिला विचारलं, "म्हणजे न्यायाधीशाने माझं गोत मानलं?"

ती म्हणाली, "हो. तसंच म्हणावं लागेल."

एका गोऱ्या न्यायाधीशाने! आमची जमीन मानली नाही, माझ्या आईचं लग्न मानलं नाही, मिशनमध्ये दिलेली जन्मतारीख सोडून आमचं काहीच कुणी कधी मानलं नाही. आणि माझं गोत मानलं! मी टाळी वाजवली. मिस प्रेस्टन माझ्याकडे बघतच राहिली.

सेल्मा मात्र उठून तिच्या अंगावर गेली. सगळं सांगितलं तिने, जावई काय, तोंड झाकणं काय, ओबेद काय. तिला धाप लागते, एकेक शब्द थांबून थांबून. मिस प्रेस्टन खाली बघत होती. म्हणाली, "हे आधी कुणी का नाही सांगितलं मला?"

"तू मुलगी उचलून नेलीस तेव्हा तरी विचारलं होतंस का, आम्ही बाहेर का निजलोय ते?" सेल्मा म्हणाली.

गेली बिचारी. चहा तसाच राहिला. सेल्मा संध्याकाळपर्यंत कुत्र्यांना दगड मारत बसली होती. एकही लागला नाही, तिला रडताना दिसत नाही नीट.

८ सप्टेंबर, रविवार

फोनची एक अडचण आहे. जेनिसच्या फोनवर मी केला की कॉलिनच उचलतात. "हॅलो? हॅलो, हेडी मावशी?" मी काय करणार, गप्प बसते. वाटतं, आता देतील जेनिसला. पण ते बोलत राहतात. "मावशी, तुम्ही आहात का? ग्रेस मजेत आहे. देव तुमचं भलं करो." आणि ठेवतात. मागे नळाचा आवाज येतो, ताटल्यांचा येतो. एकदा पियानो येत होता, एकच बोट वाजवत होतं. ती असेल.

सेल्मा म्हणाली, "बोल की गं त्याच्याशी! मोड रीत! तोंड आहे ना?"

मी म्हटलं, "अक्का, ज्या रीतीने ती माझी मुलगी झाली तीच रीत मोडली तर मग ती माझी कोण उरली?"

ती उठून कुत्र्यांना पाणी ठेवायला गेली. पहिल्यांदाच मी तिला गप्प केलं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

माझी बहीण गेली. पहाटे, श्वास संपला. आता तिचं नाव लिहायचं नाही. मागच्या पानांवर आहे ते खोडायला डोळे पुरत नाहीत, देवाने क्षमा करावी.

घर सोडलं. पलंग, फ्रिज सगळं आत. बाहेर वाळूत आहोत.

ओबेदला म्हटलं, जेनिसला कळव. आईची बहीण गेली म्हणजे तिची आईच गेली. या मयताला मुलगी येणार नाही असं होतच नाही. ती येणार आणि पोरीला घेऊन येणार. मातीचा दिवस दोन आठवड्यांनी ठेवलाय, लांबून येणाऱ्यांना वेळ मिळावा म्हणून. तिच्यासाठीच खरं.

बहीण असती तर म्हणाली असती, माझ्या मरणाचा पण तू गळ केलास का गं? आणि हसली असती.

२ नोव्हेंबर, शनिवार

आज माती झाली. आधी माती, मग बाकीचं.

बस विमानतळावरून आली तेव्हा मी बायकांच्या बाजूला बसले होते, डोक्याला पांढरी माती, अंगावर ब्लँकेट. बायका म्हणाल्या, बस आली. मी खुब्यावर हात दाबून उठले. दार उघडलं आणि कॉलिन उतरले. मी तोंड झाकून खाली बसले आणि बाजूच्या बाईला म्हटलं, "बघ, मागून कोण उतरतंय?" ती म्हणाली, "ओबेद." मी म्हटलं, "अजून बघ." ती म्हणाली, "दार लावलं त्याने."

एकटेच आलेले. एवढ्या लांबून, काळा कोट घालून. मन मोठं आहे त्यांचं, नाही म्हणता येणार नाही.

माती झाल्यावर ते सरळ आमच्या बाजूला आले. पुरुष तिकडे येत नाहीत, पण त्यांना कोण सांगणार? बायका भराभर उठून गेल्या. मला उठवेना. ते माझ्याजवळ वाळूत बसले, इतके जवळ की त्यांच्या साबणाचा वास आला. मी ब्लँकेटच्या आत गुडघ्यात डोकं घातलं.

म्हणाले, "मावशी, जेनिसला फार यायचं होतं. पण ग्रेसचं नृत्याचं पहिलं सादरीकरण आज आहे. आणि खरं सांगू, हे रडणं, हे सगळं... इतक्या लहान मुलीला सोसवणार नाही असं आम्हाला वाटलं. तुम्ही समजून घ्याल."

मग म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा. काहीही. मी त्यासाठीच आलो आहे."

बोलले असते तर जिच्यावर नुकतीच मातीची मूठ टाकली, ती बहीण काय म्हणाली असती? बोल म्हणाली असती. तिच्या मातीच्या दिवशी, तिच्या जावयाशी, तिच्या देखत? मी बोलले नाही.

"बरं," म्हणाले. "ग्रेसने तुमच्यासाठी निरोप दिलाय. थांबा, दाखवतो."

आणि ब्लँकेटच्या पलीकडे, माझ्या कानाजवळ, ती बोलायला लागली. लेटिशा! "हॅलो ग्रॅनी! मी आहे, ग्रेस! बघ, माझा दात पडला! दिसतंय का? इथे, इथे बघ! जीभ जाते बघ यातून!" आणि हसली. हसताना फुस्स असा वारा येत होता दातातून.

फोन त्यांच्या हातात होता. त्यांनी तो वाळूवर ठेवला असता आणि जरा मागे सरले असते, तर मी बघितलं असतं. रूपर्टने ठेवला असता. पण त्यांनी तो माझ्यासमोर धरून ठेवला होता, आणि बघायचं म्हणजे त्यांच्या हाताकडे, बाहीकडे, तोंडाकडे बघायला लागणार.

निरोप संपला. त्यांनी परत लावला. "बघ, माझा दात पडला! दिसतंय का?"

मी ब्लँकेट दातांत धरलं.

जरा वेळाने ते म्हणाले, "बघायचं नाही तुम्हाला. समजू शकतो मी. दुःखाचा दिवस आहे." फोन खिशात टाकला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली, शांतीसाठी, आणि आपल्या दोन मंडळ्यांसाठी. जावयाने सासूच्या डोक्यावर हात ठेवला, हे कुणी बघितलं नसेल तर बरं.

बस गेली. मी अजून इथेच बसून लिहितेय, उजेड आहे तोवर. आवाज चांगला मोकळा झालाय पोरीचा. पण कुठला दात पडला, वरचा की खालचा, ते ती बोललीच नाही.